नेट कमी वापरलं म्हणून रिचार्ज उतरणार नाही

कर्नाटकातल्या निपाणी-खानापूरच्या ग्रुपांवर फिरतंय: ‘आपण जितका डेटा वापरतो तितकी कंपन्यांची कमाई वाढते. महिनाभर नेट कमी वापरा, रिचार्ज उतरेल.’ चूक. रोजचे 2 जीबी संपवा नाहीतर रात्री 12 ला वाया घालवा, पैसे आधीच गेलेत. काल आईचे दीड जीबी असेच गेले. तिने एक कीर्तन तेवढं ऐकलं होतं. जगभरात डेटाचा वापर भराभर वाढतोय, ऑपरेटरांचं उत्पन्न मात्र जेमतेम हलतंय. आपल्याकडे सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, वापर आभाळाला भिडला आणि जुन्या कंपन्यांची कमाई घसरली. ती सावरली दरवाढीमुळे. जुलै 2024 ची आठवतेय ना? आणि हो, ‘सीमेपलीकडे महाराष्ट्रात कागलला गेलं की रोमिंग कापतात’ हेही त्याच मेसेजात आहे. आताच्या अनलिमिटेड पॅकवर तसं काही कापत नाहीत.