सर्व्हे आणि मिस्ट्री शॉपिंगमधून ‘महिन्याला 30 हजार’: हिशेब नेमका कुठे चुकतो

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये एक संदेश सतत पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, पण मजकूर साधारण असा असतो: “घरबसल्या ऑनलाइन सर्व्हे भरा, तासाला 500 रुपये. रोज फक्त दोन तास दिले तरी महिन्याला 30 हजार. शिक्षणाची अट नाही, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त, कोणीही करू शकतं. जास्त सर्व्हे हवेत तर सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणा. सोबत मिस्ट्री शॉपिंग: मोठ्या हॉटेलात फुकट जेवा, वर मानधन घ्या. पैसे थेट खात्यात. नोंदणी फी फक्त 999.”

यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या भरवशावरच लोक 999 रुपये भरतात. मोबदला देणारे सर्व्हे असतात. टोलुना, यूगव्ह, गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स या सर्व्हेच्या ॲप-संकेतस्थळांवर भारतातून सर्व्हे भरता येतात आणि मोबदलाही मिळतो. मिस्ट्री शॉपिंग, म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकान-हॉटेलाची गुपचूप तपासणी, हाही जुना, रीतसर व्यवसाय आहे. खोटा आहे तो आकडा, आणि त्या आकड्याला चिकटलेली फी. म्हणून संदेशातला एकेक दावा घेऊ.

“तासाला 500 रुपये”

हा दर काढताना फक्त पूर्ण झालेला सर्व्हे धरलेला असतो. भरणाऱ्याचा वेळ मात्र अर्धवट तुटलेल्या सर्व्हेंवरही जातो, आणि त्याचे पैसे मिळत नाहीत किंवा नावापुरते दोन-चार पॉइंट्स मिळतात.

एका संध्याकाळचा हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहा. ॲपवर चार सर्व्हे दिसतात. पहिला उघडला: वय, लिंग, शहर, आणि मग “तुमच्या घरातलं कोणी जाहिरात, बाजार-संशोधन किंवा प्रसारमाध्यमात काम करतं का?” तिथेच संपला. 3 मिनिटं गेली. दुसऱ्यात घरातल्या वस्तूंची यादी, शिक्षण, उत्पन्नाचा गट, गेल्या महिन्यात कुठला शाम्पू घेतला, एवढं सगळं विचारून “कोटा पूर्ण झाला आहे” असा निरोप. 7 मिनिटं. तिसरा पार पडला. त्यावर “15 मिनिटं” लिहिलेलं होतं, लागली 24, मिळाले 25 रुपयांचे पॉइंट्स. चौथा 6 मिनिटांनी बंद. एकूण 40 मिनिटं आणि 25 रुपये, म्हणजे तासाला साडेसदतीस. तेही पुढच्या तासाला नवे चार सर्व्हे हजर असले तर.

ते हजर नसतात, हीच मुख्य अडचण आहे. कंपनीला देशभरातून समजा 1,000 उत्तरं हवी असतात. ती विभाग, वय, लिंग आणि आर्थिक गटानुसार वाटून घेतलेली असतात. पुण्यातल्या 25 ते 34 वयोगटातल्या स्त्रियांच्या वाट्याला त्यात पंधरा-वीस जागा आल्या, तर त्या पहिल्या काही तासांतच भरतात. शिवाय एका विषयावरचा सर्व्हे भरला की त्याच विषयाच्या पुढच्या सर्व्हेतून तुम्हाला काही महिने वगळतात, कारण नुकतंच उत्तर दिलेल्या माणसाचं मत ताजं राहत नाही. त्यामुळे रोज दोन तास द्यायची तुमची तयारी असली तरी रोज दोन तासांचं काम मिळत नाही.

“कोणीही करू शकतं”

नोंदणी कोणीही करू शकतं, निवड मात्र कोणाचीही होत नाही. सुरुवातीचे प्रश्न ही चाळणी असते, आणि ती कशी चालते ते कळलं की बराच मनस्ताप वाचतो.

घरात फ्रीज आहे का, शेतजमीन आहे का, हे प्रश्न विचित्र वाटतात. त्यामागे एनसीसीएस नावाची वर्गवारी आहे, भारतीय बाजार-संशोधनात ती 2011 पासून रुळली. त्यात दोनच गोष्टी पाहतात: घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण, आणि 11 गोष्टींपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, संगणक, चारचाकी, एसी आणि शेतजमीन. यावरून घर ए-1 पासून ई-3 पर्यंत कुठल्या गटात बसतं ते ठरतं. मोटारीच्या विम्याचा सर्व्हे असेल तर वरच्या एक-दोन गटांबाहेरचे सगळे तिथेच गळतात. यात तुमच्या उत्तराचा काही दोष नसतो. म्हणून “मी चुकीचं भरलं का?” असं वाटून उत्तरं बदलत बसू नये.

घरात कोणी जाहिरात किंवा बाजार-संशोधनात असेल तर बहुतेक सर्व्हे पहिल्या मिनिटातच बंद होतात. अशा घरानं या फंदात न पडलेलं बरं.

“सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणा”

संदेशातला हा सल्ला भरणाऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत. ब्रँडच्या यादीत मुद्दाम एखादं अस्तित्वात नसलेलं नाव घातलेलं असतं, “मी हा वापरला आहे” म्हटलं की खूण पडते. मोठ्या तक्त्याच्या मधेच “या ओळीत ‘पूर्णपणे असहमत’ निवडा” असं वाक्य असतं. तक्त्यात वरपासून खालपर्यंत एकच रकाना टिचकवला तर तेही पकडलं जातं. इतरांना सरासरी 18 मिनिटं लागली आणि तुम्ही 5 मिनिटांत संपवलंत, तर ते उत्तर बाद. “का आवडलं ते लिहा” या चौकटीत “गुड गुड” किंवा कुठून तरी उचललेला परिच्छेद टाकला तर तोही बाद. व्हीपीएन (इंटरनेटवर आपलं ठिकाण लपवणारं ॲप) लावून अमेरिकेतला पत्ता दाखवण्याची युक्ती आयपी (इंटरनेट जोडणीचा पत्ता), मोबाईल क्रमांक आणि पैसे काढण्याचं ठिकाण यांच्या तफावतीत उघडी पडते.

खातं बंद होतं ते बहुतेकदा पैसे काढायच्या वेळी, कारण सगळी पडताळणी तेव्हाच होते. तीन महिने साठवलेले पॉइंट्स एका फटक्यात जातात. काही वेळा सर्व्हे पूर्ण झाल्यावर दिलेले पॉइंट्सही महिन्याभरानं, तपासणीनंतर परत घेतले जातात. घरातल्या चौघांनी एकाच वायफायवरून चार खाती उघडली तरी हाच धोका असतो. नियम वाचून मगच दुसरं खातं उघडा.

“पैसे थेट खात्यात”

बहुतेक ठिकाणी आधी पॉइंट्स मिळतात, ठराविक पातळी गाठल्याशिवाय ते काढता येत नाहीत, आणि काढले तरी हाती येतं ते एखाद्या दुकानाचं व्हाउचर. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स भारतातल्या अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरची जमा देतं, रोख देत नाही. त्या जमेची मुदत एक वर्षाची. ॲप किंवा ई-पुस्तक घ्यायला ती उपयोगी, किराण्याला नाही.

परदेशी पॅनेल, म्हणजे सर्व्हे भरणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या परदेशी कंपन्या, पेपॅल या ऑनलाइन सेवेतून पैसे देतात. पेपॅलनं 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले, परदेशातून येणारे पैसे मात्र घेता येतात. त्यासाठी पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे आहेत तो ‘पर्पज कोड’ भरावा लागतो. डॉलरचे रुपये होताना शुल्क आणि विनिमय दरात काही भाग कापला जातो. 5 डॉलरसारख्या लहान रकमेत ही कपात चांगलीच जाणवते. आणि यातून मिळालेली रक्कम कितीही छोटी असली तरी ती तुमच्या उत्पन्नात धरायची असते.

“फुकट जेवा, वर मानधन घ्या”

मिस्ट्री शॉपिंग म्हणजे गिऱ्हाईक बनून केलेली तपासणी. सेवेची खरी पारख अशीच होते. मुंबई आणि पाटण्यात क्षयरोगाचं निदान डॉक्टर कसं करतात हे पाहण्यासाठी संशोधकांनी प्रशिक्षित ‘रुग्ण’ दवाखान्यांत पाठवले होते, तेही याच पद्धतीचं काम. म्हणजे यात कसब लागतं, आणि म्हणूनच ते फुकटचं जेवण नव्हे.

एका हॉटेलभेटीत काय काय येतं? आधी आठ-दहा पानांचं ब्रीफ (कामाच्या लेखी सूचना) वाचायचं आणि त्यावरची छोटी चाचणी पास व्हायची. ठरलेल्या शाखेत, ठरलेल्या वेळेत जायचं, समजा शनिवारी संध्याकाळी 7 ते 9. दारात किती सेकंदांत कोणी बोललं, ऑर्डर घ्यायला किती मिनिटांनी आले, वाढणाऱ्याच्या नावाच्या बिल्ल्यावर काय होतं, स्वच्छतागृहात साबण होता का, हे कुणाला कळू न देता टिपायचं. बिलाचा फोटो, ताटाचा फोटो, कधी ठिकाणाची नोंद. मग 24 तासांच्या आत साठ-सत्तर प्रश्नांचा अहवाल, त्यातल्या प्रत्येक ‘नाही’ला कारण. संपादकाच्या शंका आल्या की पुन्हा उत्तर.

हिशेब असा मांडू: ब्रीफ आणि चाचणी 25 मिनिटं, जाणं-येणं 50, जेवण 45, अहवाल 70, शंका 10. एकूण 200 मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. मानधन 250 धरलं, रिक्षाचे 80 गेले, उरले 170. तासाला 51 रुपये, आणि एक जेवण. जेवणाची परतफेड जीएसटीसकट 500 पर्यंत असेल आणि बिल 560 झालं, तर वरचे 60 तुमचे.

हे पैसे आधी तुमच्या खिशातून जातात आणि अहवाल मंजूर झाल्यावर 30 ते 60 दिवसांनी परत येतात. अहवाल नाकारला गेला तर मानधनही नाही आणि जेवणाचे पैसेही नाहीत. नाकारला जाण्याची कारणं अगदी साधी असतात. एकाच रस्त्यावर त्याच ब्रँडच्या दोन शाखा असतात आणि माणूस दुसरीत जाऊन बसतो. बिलावरची वेळ 9 वाजून 4 मिनिटं निघते. ऊन लागून थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होतात. म्हणून बिल हातात पडताच, टेबलावरच, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढा आणि शाखेचा पत्ता ब्रीफमधल्या पत्त्याशी ताडून पाहा.

मोटारीचं शोरूम किंवा बँकेची भेट यांना मानधन जरा जास्त असतं. पण तिथे खरा मोबाईल क्रमांक द्यावा लागतो आणि पुढचे कित्येक आठवडे विक्रीचे फोन येत राहतात. दुसरं सिमकार्ड असेल तरच ही कामं घ्या. पेट्रोलपंपाच्या भेटी सर्वांत सुटसुटीत. शून्य दाखवलं का, बिल दिलं का, गणवेश होता का, एवढंच. आणि पेट्रोल तर तुम्ही भरणारच असता. मिस्ट्री शॉपिंग परवडतं ते असंच, जाता-येता वाटेत पडणाऱ्या कामात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे अशी कामं निघतात. तालुक्याच्या गावात त्या ब्रँडच्या शाखाच नसतात, तर काम कुठून येणार?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मराठी मुलांसाठी दोन गोष्टी. एफ-1 व्हिसावर परवानगीशिवाय असं काम करणं हा नियमभंग ठरतो. आणि “हा चेक खात्यात भरा, त्यातून गिफ्ट कार्ड घेऊन क्रमांक पाठवा” अशी मिस्ट्री शॉपिंगची ‘नेमणूक’ आली तर ती फसवणूकच. बँक पैसे लगेच वापरायला देते, चेक खोटा निघाल्याचं नंतर, कधी काही आठवड्यांनी कळतं, आणि सगळी रक्कम तुमच्याकडून वसूल होते.

“नोंदणी फी फक्त 999”

इथे मात्र हिशेब मांडायचीही गरज नाही. संशोधन कंपनीला पैसे तिचा ग्राहक देतो, उत्तर देणारा नाही. फी मागितली की विषय संपला.

महाराष्ट्रानं हे एकदा मोठ्या प्रमाणावर भोगलं आहे. ‘स्पीक एशिया’ नावाची सिंगापूरमध्ये नोंदलेली कंपनी 2010-11 मध्ये 11,000 रुपये वर्गणी घ्यायची आणि आठवड्याला दोन सर्व्हे भरले की वर्षाला 52,000 मिळतील असं सांगायची. नवे सभासद आणले तर वेगळी कमाई. 2011 मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेलं तोवर देशभरातल्या लाखो लोकांचे पैसे अडकले होते. 11,000 घेऊन 52,000 द्यायचे तर ते नव्या माणसाच्या 11,000 मधूनच येणार. सर्व्हे फक्त दाखवण्यापुरते होते.

आता तीच चाल टेलिग्रामवर चालते. पहिल्या दोन-तीन ‘टास्क’चे 150-200 रुपये खरोखर येतात. मग ‘प्रीपेड टास्क’साठी 1,000 मागतात आणि 1,300 परत देतात. पुढे 10,000, मग 50,000. पडद्यावर शिल्लक वाढताना दिसते, काढायला गेलं की ‘कर’ किंवा ‘खातं खुलं करायचं शुल्क’ मागतात. 6 डिसेंबर 2023 रोजी केंद्र सरकारनं अशा गुंतवणुकीच्या आणि अर्धवेळ कामाच्या नावाखालच्या 100 हून अधिक संकेतस्थळांना बंदी घातल्याचं जाहीर केलं. आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो: सुरुवातीला तुम्हाला मिळालेले ते 200 रुपये दुसऱ्या फसवल्या गेलेल्या माणसाचे असू शकतात. त्यानं तक्रार केली की तुमचंच खातं गोठवलं जाऊ शकतं.

याचाच भाऊ म्हणजे ‘फॉर्म भरण्याचं काम’. आठवड्यात 500 फॉर्म, 90 टक्के अचूकता. शेवटी “अचूकता कमी पडली, करार मोडला, दंड भरा” असा फोन आणि वकिलाच्या नावाची नोटीस. घाबरून पैसे भरू नका. खरी नोटीस व्हॉट्सॲपवर दोन तासांची मुदत देत नाही. ती घेऊन थेट पोलीस ठाण्यात जा.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात पोचलेली रक्कम रोखून धरता येण्याची शक्यता जास्त. हाताशी व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक), वेळ, रक्कम आणि समोरच्याचा यूपीआय आयडी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर लेखी तक्रार करा आणि आपल्या बँकेलाही कळवा. टेलिग्रामवरचं संभाषण रागाच्या भरात पुसू नका, समोरचा ते दोन्हीकडून पुसू शकतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढून घ्या.