मेलेल्या जॉकीने रेस जिंकली? अर्धंच खरं

दर काही महिन्यांनी हा फॉरवर्ड फिरून येतो. १९२३ साली अमेरिकेत फ्रँक हेस नावाच्या नामांकित जॉकीला रेस सुरू होताच हार्ट अटॅक आला, प्रेत खोगिरावर ताठ बसून राहिलं, घोड्याने एकट्यानेच सगळे अडथळे पार करून रेस जिंकली आणि तेव्हापासून तो घोडा शापित ठरला. परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा आला, खाली हात जोडलेल्यांची रांग.

माणूस खरा आहे. ४ जून १९२३, न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क, घोडा स्वीट किस, भाव वीसास एक (म्हणजे तो जिंकेल अशी फारशी कुणाला आशा नव्हती), हेही खरं. बाकीचं एकेक बघू.

‘नामांकित जॉकी’. अजिबात नाही. हेस तबेल्यात घोडे सांभाळणारा, त्यांना तयार करणारा माणूस. त्याआधी त्याच्या नावावर एकही विजय नव्हता. वयसुद्धा धड कळत नाही. कुणी बावीस लिहितं, कुणी पस्तीस. नामांकित माणसाच्या वयात तेरा वर्षांचा घोळ होत नाही.

‘सुरुवातीलाच मेला आणि ताठ बसून राहिला’. इथे खरी गंमत आहे. आपल्याला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची सपाट धाव माहीत. ही स्टीपलचेस होती, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायची दोन मैलांची रेस. उडीला घोडा पुढून उचलला जातो तेव्हा स्वार पुढे झुकतो, पलीकडे उतरताना मागे रेलतो, लगाम बोटांतून सैल सोडतो आणि लगेच पुन्हा आखडून धरतो. सगळा तोल गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर आणि रिकिबीतल्या पावलांवर. शुद्धीतले, कसलेले स्वारही यात तोंडावर आपटतात. हृदय बंद पडलं की दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि अंग सैल पडतं, ताठ होत नाही. प्रेत ताठ व्हायला काही तासांचा अवधी लागतो. ही रेस चार-पाच मिनिटांची. म्हणजे शेवटच्या अडथळ्यावरून उडी घेताना हेस जिवंत होता, असंच मानावं लागतं. राहिला तो शेवटचा सपाट टप्पा. घोडा सरळ पळत असेल, तर मानेवर ओणवं झालेलं अंग तेवढा वेळ तग धरू शकतं. मग प्राण विनिंग पोस्टच्या, म्हणजे रेस संपते त्या खांबाच्या, अलीकडे गेला की पलीकडे? कुणी सांगतं, पोस्ट ओलांडताच तो कोसळला. कुणी सांगतं, अभिनंदनाला गेलेल्या मालकीणबाईंना, मिस फ्रेलिंगना, आणि अधिकाऱ्यांना तो गेलेला आढळला. त्या काही क्षणांचा हिशेब नाडीवर हात ठेवून कुणीच केलेला नाही.

‘घोड्याने एकट्याने जिंकली’. विजय जेमतेम घोड्याच्या एका डोक्याइतक्या अंतराने झाला, तोही गिमी या घोड्याला मागे टाकून, ज्याच्यावर लोकांनी जास्त पैसे लावले होते. इतक्या चुरशीच्या रेसमधून स्वाराला वजा करून टाकणं मला तरी पटत नाही.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे वजन. या स्वारीसाठी ठरलेल्या वजनात बसावं म्हणून हेसने थोड्या काळात १४२ पौंडांवरून १३० वर वजन आणलं, असं तेव्हा छापून आलं होतं. बारा पौंड म्हणजे साडेपाच किलो. उपाशी राहायचं, पाणी तोडायचं, घाम काढत धावायचं, आणि त्याच अवस्थेत घोड्यावर चढायचं. हृदय नेमकं कशाने थांबलं हे शंभर वर्षांनी ठामपणे सांगता येणार नाही, पण मला शापापेक्षा हे कारण कितीतरी जवळचं वाटतं. रेस संपली की जॉकीला पुन्हा तराजूवर उभं राहावं लागतं, ठरल्याहून वजन कमी भरलं तर निकाल बदलतो. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी तो नियम बाजूला ठेवला आणि स्वीट किसचा विजय कायम केला.

शापाचं म्हणाल, तर घोड्याचं नाव ‘गोड चुंबन’. त्यावर जॉकी मेला म्हटल्यावर ‘मृत्यूचं गोड चुंबन’ हा विनोद कुणालाही सुचला असता. टोपणनाव पडलं म्हणून शाप सिद्ध होत नाही.

फॉरवर्डच्या शेवटी असतं की हेसला जॉकीच्या रंगीत पोशाखातच पुरलं. ब्रुकलिनच्या होली क्रॉस दफनभूमीत. ही ओळ तेवढी राहू द्या.