दोन दांड्यांची हजेरी

पहाटे पाचला नागपुरातून गाडीला किक मारायची, मनसर मागे टाकायचं आणि देवलापारनंतर हायवे सोडून जंगलात शिरायचं. पेंचमधून जाणारा हा हायवे वाघांसाठी नऊ ठिकाणी उचलून घेतलाय. त्यातली एक वाट तर 750 मीटर लांब! खाली कॅमेरे लावले होते. वाघ नुसता चालत गेला की हजेरी लागली. माझ्या शाळेच्या नाल्यावर मात्र साधा रपटाही नाही, आणि हजेरी भरायला मला मोहाच्या झाडावर चढावं लागतं.

रेंज तिथेच येते, पहिल्या फांदीच्या बेचक्यात.

शाळा दोन खोल्यांची. एकीत तांदळाची पोती, दुसरीत चार वर्ग. कायद्याप्रमाणे शिक्षक दोन आहेत, पण दुसरे सर मतदार यादीत असतात. (त्यांचं नाव नाही, ते स्वतः.) पट एकोणीस. डोकी मोजायची, दर डोई 100 ग्रॅमने तांदूळ काढायचा आणि आकडा त्या दिवशीच पोर्टलवर चढवायचा. आकडा चढण्याआधी मी चढतो.

मार्चची गोष्ट. सकाळची शाळा, आणि वर्गात मी एकटा. स्वयंपाकाच्या मावशी पातेलं घेऊन उभ्या.

"किती टाकू जी?"

शून्य भरलं असतं तर फोन आला असता. अशा फोनला रेंज कुठेही मिळते. बघू म्हणत झाडाकडे गेलो, तर अख्खी शाळा झाडाखाली! टोपल्या घेऊन सगळी पोरं मोह वेचत होती. पहाटे गळलेली फुलं उन्हाआधी उचलावी लागतात. घरचं वर्षाचं मीठमिरची त्यावर निघतं. त्यापुढे माझा सातचा पाढा काय टिकणार?

"काहून रे, शाळा नाही का?"

"मोह येचून राहिलो न जी. तुमी बी येचा, लवकर होईन."

तिसरीतल्या पोराने टोपली हातात दिली. वेचलं. शंभर-शंभर फुलांचे ढीग करून बेरजा घेतल्या, त्या माझ्यापेक्षा त्यांच्या बरोबर आल्या. मग वर चढलो.

"सरजी, हात अजून वर करा! दोन दांड्या आल्या!"

एकोणीस हजर. पुरावा म्हणून वरूनच फोटो पाठवला. दोन मिनिटांत ग्रुपवर विचारणा: "हा कोणता उपक्रम?"

एका हाताने फांदी धरून लिहिलं, "परिसर अभ्यास."

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. केंद्रातल्या सर्व शाळांनी हा उपक्रम राबवून फोटोसह अहवाल पाठवावा. अतितात्काळ.

शेजारच्या शाळेच्या सरांचा फोन आला. त्यांच्या आवारात झाड एकच, निलगिरीचं. "वेचायचं काय बे?"

उत्तर देणार तोच फांदी हलली आणि रेंज गेली.