अंदमान म्हणजे फक्त ती एक कोठडी नव्हे

अंदमानहून परतलेल्या मराठी माणसाच्या मोबाईलमध्ये कुठले फोटो असणार, हे मी न बघता सांगते. सावरकरांची कोठडी, कोलू, फाशीघर, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो. आम्हीही तेच केलं. वरच्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या कोठडीत मीही डोकं टेकवलं, घसा दाटून आला. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण दीड तासात जेल ‘उरकून’ बाहेर आलो आणि ड्रायव्हरला सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? तो म्हणाला, “हम तो लोकल-बॉर्न हैं, दीदी.”

लोकल-बॉर्न म्हणजे कैद्यांचे वंशज. आपण ‘कोकणातले’ म्हणतो तितक्या सहज म्हणाला.

सेल्युलर जेल पुरं झालं १९०६ मध्ये. कैदी मात्र १८५८ पासून येत होते, पहिल्या खेपेला दोनशे, सत्तावनच्या उठावातले. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं काळं पाणी होतं आणि ही इमारतच नव्हती. सगळं बंदर हाच तुरुंग, भोवती समुद्राची भिंत! कैद्यांनीच जंगल तोडलं, रस्ते केले, समोरच्या रॉस बेटावर साहेबांचे बंगले आणि चर्च बांधलं. पुढे ब्रह्मदेशातून विटा आणून हे जेलही त्यांच्याच हातून बांधून घेतलं. पहाराही त्यांच्यातल्याच लोकांचा. वॉर्डर, पेटी ऑफिसर, तिंडाल, जमादार, सगळे कैदीच. एक पायरी वर चढलेला खालच्याला बडवणार. साहेबाचा पगार वाचला की नाही?

साधारण दहा वर्षं नीट काढली की ‘तिकीट’ मिळायचं, म्हणजे तुरुंगाबाहेर स्वतःच्या कमाईवर राहायचा परवाना. मग तो ‘सेल्फ-सपोर्टर’. थोडी जमीन, झोपडी, दुकान, आणि सरकारच्या परवानगीनं लग्न. बायको कुठून? बायकांच्या जेलमधून. तीही जन्मठेपेचीच. जात, प्रांत, भाषा कशाचाच मेळ नाही, म्हणून घरात हिंदुस्तानी. त्या बायकांबद्दल आमचा गाईड एक अक्षर बोलला नाही.

नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, ते मात्र त्याने भरभरून सांगितलं. तेव्हा बेटं जपान्यांच्या ताब्यात होती, आणि त्याच दिवसांत गावातली माणसं हेर ठरवून त्यांनी याच कोठड्यांत कोंडली होती. त्यांतले इथले डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाण सिंग छळानं गेले ते १४ जानेवारी १९४४ ला, आणि ३० जानेवारीला हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. गोष्ट अडचणीची आहे, म्हणून गाळायची?

आता हॉस्पिटलचं. जेलच्या सातांपैकी तीनच इमारती उरल्यात आणि त्याच आवारात मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. आमच्या ग्रुपमधले एक काका भडकलेच, “एवढ्या पवित्र जागी ओपीडी?” जुन्या राजबंद्यांनी आवाज उठवला म्हणून निदान एवढं वाचलं आणि १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. त्यांचं बरोबरच होतं, बंगाली क्रांतिकारक इंदुभूषण रॉयनं इथेच गळफास घेतला, त्याचा साथी उल्लासकर दत्तचं डोकं इथेच फिरलं. ते पुसून कसं चालेल? पण काकांचं मला पटलं नाही. जेलभोवती गाव वसवलं ते साहेबानं, स्वतःच्या सोयीसाठी. त्या गावाच्या पोरांना तिथे औषध मिळत असेल तर विटंबना कसली? आपण चार दिवसांचे पाहुणे. पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम झालंय, तेही तिथल्या माणसांना सरावाचं व्हायला वेळ लागेल.

हे सगळं मी गाडीत जरा तावातावानं बोलले. ड्रायव्हर आरशातून बघत हसला. “दीदी, मैं भी जेल में ही पैदा हुआ हूँ. अस्पताल वाली साइड में.”

काका पुढे बीचपर्यंत गप्प होते.