एकच अल्बम आणा

भरीत पार्टीला अट नसते. ज्याच्या शेतात वांगी असतात तो वांगी देतो, ज्याची बायको सहनशील असते तो घरून कळण्याच्या पुऱ्या आणतो, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं तो जाळाजवळ उभा राहून "जरा काड्या मागं ओढा" असं सांगतो. मी अनेक वर्षं या तिसऱ्या खात्यावर जेवतो आहे. अमळनेरहून पारोळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर बापूचं शेत आहे, आणि डिसेंबरातला एक रविवार तिथे ठरलेला असतो. यंदा मात्र डॉक्टरने ग्रुपवर फर्मान काढलं : "येताना प्रत्येकाने आपला सर्वांत आवडता अल्बम आणायचा. एकच. का आवडतो ते सांगायचं. ज्याला सांगता येणार नाही त्याला भरीत नाही."

डॉक्टर दातांचा आहे. लोकांना तोंड उघडायला लावून मग त्यांचे हाल बघायची त्याला सवयच आहे.

हाताशी तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर यादी केली, तेवीस नावं झाली. दुसऱ्या दिवशी काटछाट करायला बसलो आणि एकतीस झाली. मी शाळेत गणित शिकवतो. वजाबाकी करताना आकडा वाढतो हे तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच पाहिलं.

अडचण अशी की आवडता अल्बम माणूस स्वतःसाठी निवडतच नाही. मी नाव लिहायचो आणि डोळ्यांपुढे डॉक्टरचा चेहरा यायचा. 'आशिकी' लिहिलं. 1990 साली ती कॅसेट आमच्या गल्लीत घरोघरी होती, रसवंतीवर होती, एस.टी.च्या कँटीनमध्ये होती. पण जे रसवंतीवाल्याला आवडतं तेच आपल्याला आवडतं हे चारचौघांत सांगायला भलतंच धाडस लागतं. खोडलं. भीमसेनजींची अभंगवाणी लिहिली, तर वाटलं हे म्हणजे निबंधात 'माझा आवडता ऋतू : पावसाळा'. वर्गातले साठही जण तेच लिहितात. खोडायला हात धजेना, पाप लागलं तर? कंसात ठेवली.

शेवटी जॅझ घ्यायचं ठरवलं. जॅझला कुणी हसत नाही. ज्याला कळत नाही तो भीतीने हसत नाही, आणि ज्याला कळतं तो अमळनेरात राहत नाही. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', 1959 चा. भरपूर माहिती जमवली. अख्खा अल्बम दोन दिवसांत मुद्रित झाला, एकदा 2 मार्चला आणि एकदा 22 एप्रिलला. वादकांच्या हातात पूर्ण बसवलेलं काही नव्हतंच, सुरांचे नुसते आराखडे होते. बाकी सगळं जागच्या जागी सुचलेलं. मी हे मोठ्या उत्साहाने बापूला फोनवर सांगितलं. बापूचा मामा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा.

"दोन दिवस कसाले लागनात?" बापू म्हणाला. "आमचा मामा वरात मारुतीपासून मांडवापर्यंत येईस्तोवर नवं गाणं बसवायचा. आणि मागं घोडी लाथा झाडत असायची, ते वेगळं."

धुळ्याला कामं होती म्हणून एस.टी.त तो अल्बम ऐकायला घेतला. तीन फेऱ्यांत तीनदा ऐकला, म्हणजे तीनदा सुरू केला. पारोळं सुटलं की पहिलं गाणं, आणि मुकटी यायच्या आत मी गार. जाग यायची तेव्हा कंडक्टर "चला, धुळं, धुळं" म्हणून टपावर थापा मारत असायचा.

"माळ्यावरचं खोकं काढा," घरातून सूचना आली. "अल्बम नाही सापडला तरी माळा झाडून होईल."

खोक्यात कॅसेटी होत्या. ज्यांना त्या आठवत नाहीत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. पेन्सिल आणि कॅसेट यांचा संबंध ज्यांना आयुष्यात जुळवावा लागला नाही त्यांच्याशी मी तरी काय बोलणार? त्यातून आमचा खान्देश. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्याचा एक फायदा होता. टेपचे सेल उतरले की ते गच्चीवर उन्हात ठेवायचे, आणखी दोन दिवस चालायचे. तोटा असा की त्याच उन्हात मामांच्या जीपमध्ये काचेपाशी लताबाईंची एक कॅसेट राहिली आणि वाकली. लावली की लताबाई थेट मंद्र सप्तकात. आम्ही ती तशीच दोन वर्षं ऐकली. पुढे तीच गाणी रेडिओवर ऐकली तेव्हा बाईंना कुठली गाडी गाठायची आहे की काय असं वाटलं.

आणि तळाशी ती होती. नव्वद मिनिटांची, 1991 साली अकरावीत असताना गावातल्या दुकानातून भरून घेतलेली.

कॅसेट भरून घेणं ही एक वेगळीच संस्था होती. आपण कागदावर यादी द्यायची आणि आठ दिवसांनी जायचं. दुकानदार स्वतःला नुसता दुकानदार समजत नसे. यादीतलं जे गाणं त्याला पटायचं नाही ते "भेटलं नाही" म्हणून तो गाळायचा आणि तिथे आपल्या पसंतीचं भरायचा. माझ्या पहिल्या बाजूच्या नऊ गाण्यांपैकी सहा आली. उरलेल्या जागी दोन कव्वाल्या आणि प्रल्हाद शिंद्यांचं विठ्ठलाचं एक गीत. तरी शेवटी दोन मिनिटं उरली म्हणून तिथे 'शोले'तला गब्बर. पॉलिडोरने 'शोले'च्या नुसत्या संवादांची रेकॉर्ड काढली होती, ती त्या काळी मंडपवाल्याकडे हमखास असायची. मी तक्रार केली तर दुकानदार म्हणाला, "मास्तर, कोरी पट्टी विकणं मला शोभत नाही." अकरावीतल्या पोराला मास्तर म्हणायचा. पुढे खरंच झालो, तो दोषही त्याच्याच माथी.

दुसऱ्या बाजूला एक गाणं दुसऱ्या कडव्यात खट्कन तुटतं. आजही ते कुठे पूर्ण लागलं की पुढच्या भागात मला भेसळ वाटते.

आयुष्यात सर्वांत जास्त ऐकलेली चीज ही, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती. चिठ्ठीवर 'काइंड ऑफ ब्लू' लिहून ती खिशात ठेवली. कॅसेट पिशवीत टाकली. का टाकली ते विचारू नका.

रविवारी पोचलो तेव्हा बापूचा सालदार तुराट्यांचा जाळ करून त्यात लांबलचक हिरवी वांगी उलटीपालटी करत होता. शेजारी बडगी आणि मुसळी धुऊन ठेवलेली. डॉक्टर काळा टी-शर्ट घालून उभा. छातीवर काचेचा त्रिकोण, एका बाजूने पांढरा किरण आत, दुसऱ्या बाजूने रंगांचा पट्टा बाहेर. सालदाराने बराच वेळ निरखून विचारलं, "डॉक्टरसाहेब, हाई कोनता पक्षनी निशानी शे?"

ती पिंक फ्लॉइडची निशाणी होती, 'द डार्क साइड ऑफ द मून', 1973. डॉक्टरचं म्हणणं, हा अल्बम तोडून ऐकायचा नाही. त्रेचाळीस मिनिटं, सलग, अंधारात. आम्हाला अंधाराची अडचण कधीच नव्हती. लोडशेडिंगच्या दिवसांत तो आठ-आठ तास फुकट मिळायचा, फक्त त्यात टेप चालत नसे.

नानांनी 'गीतरामायण' आणलं होतं. नाना भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणंही गाडीसारखं, एकदा सुटलं की मधल्या स्टेशनवर थांबत नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गाणं, अशी वर्षभरात छप्पन्न. गदिमा लिहीत, बाबूजी चाल लावत. नानांची आई म्हणे रेडिओला हार घालायची. सगळं खरं, पण ऐकवायचं म्हणजे सगळंच ऐकवायचं असा नानांचा हट्ट होता, आणि रामाला वनवासातून परत यायला फार वेळ लागतो. भरीत तेवढं थांबत नाही.

बापूने 'सैराट' काढला. अजय-अतुल, 2016, हॉलिवूडमध्ये जाऊन मोठ्या वाद्यवृंदासह मुद्रित केलेला.

"चार गाणी," नाना म्हणाले. "याला अल्बम म्हणतोस? पंगतीला नुसतं मीठ-लिंबू वाढून उठवशील का रे कुणाला?"

"त्या चारांवर अख्खा महाराष्ट्र नाचला, नाना. तुमच्या छप्पन्नवर एक तरी माणूस नाचला का?"

नाना लाल झाले. तेवढ्यात माझ्या भाच्याने पिशवीतून मोठी चौकोनी रेकॉर्ड काढली म्हणून बरं. भाचा पुण्यात शिकतो. बीटल्सचा 'अ‍ॅबी रोड', 1969. तीन हजारांना घेतला म्हणाला.

"आणि वाजवतोस कशावर?"

"वाजवायचं मशीन नाहीये, मामा. भिंतीवर लावतो."

मुखपृष्ठावर चार माणसं रांगेने रस्ता ओलांडत होती. नानांनी चष्मा लावला. "हा तिसरा अनवाणी कसा? गडावर पायी निघाला असेल." चैत्रात आमच्याकडून सप्तशृंगीच्या गडावर अशाच रांगा निघतात, त्यामुळे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. 'अ‍ॅबी रोड' सर्वानुमते पास झाला. न वाजल्यामुळे तो एकटाच वादाबाहेर राहिला.

मग सालदाराने आपला मोबाइल पुढे केला. त्याच्याकडे 'झुमकावाली पोर' होतं. लगेच तिघे म्हणाले, हे एकच गाणं झालं, अल्बम नव्हे. तो म्हणाला, "मंग काय व्हयनं? गानं गयामा बठनं पाहिजे. डबीमा ठेईसन काय करशात?"

इथे मला राहवलं नाही. शिक्षकाला वाद चिघळताना बघवत नाही, तो त्यात माहिती ओततो. मी सांगितलं की पूर्वी 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. मोठं काही असलं की चार-पाच तबकड्या लागायच्या, आणि त्या फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पानांच्या बाडात घालून विकायच्या. तिथून हा शब्द आला. पुढे 1948 साली कोलंबियाने लाँग प्ले आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं बसायला लागली, बाड गेलं आणि नाव उरलं.

"म्हणजे मी बरोबर आणलं," कोपऱ्यातून आप्पा म्हणाले. आप्पा बापूचे थोरले चुलतभाऊ. पण कुणी लक्ष दिलं नाही, कारण डॉक्टर माझ्याकडे वळला होता. "तुझा कोणता?"

मी चिठ्ठी वाचली. मार्च, एप्रिल, आराखडे, सगळं घडाघडा म्हटलं.

"छान. शेवटचं गाणं कसं आहे?"

मला धुळ्याचा बसस्टँड आठवला. त्याच्या पुढे काही आठवेना. डॉक्टरने माझी पिशवी ओढली, त्याला वाटलं पुऱ्या असतील, आणि कॅसेट बाहेर आली. वरचं वळणदार अक्षर बघून तो थबकला.

"पहिल्या बाजूच्या शेवटी गब्बर आहे?"

"तुला कसं ठाऊक?"

"माझ्याही आहे. मी बाख भरायला दिला होता!"

नाना हळूच म्हणाले, "माझ्या नाट्यगीतांच्या कॅसेटला दोन कव्वाल्या आहेत." बापूच्या कॅसेटलाही त्याच. प्रल्हाद शिंदे सगळ्यांकडे. अख्ख्या गावाच्या आवडीनिवडी तो माणूस एकट्याने भरत होता आणि आम्ही पस्तीस वर्षं एकमेकांना आपापली अभिरुची सांगत होतो. तो कागदावरच्या याद्या वाचत तरी होता का, असा प्रश्न निघाला. कुणी उत्तर दिलं नाही.

"भाऊ, तुमनं चालू द्या," सालदार म्हणाला, "पन वांगा जयी राहिनात."

वांगी सोलून बडगीत गेली, मुसळी बसायला लागली. हिरव्या मिरच्या, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे. त्या आवाजात आप्पांनी मांडीवरची कापडी पिशवी उघडून आपला अल्बम काढला. खरोखरीचा, काळ्या पानांचा, मधे पातळ कागद असलेला. त्यांच्या लग्नाचा, 1979. ग्रुपवरचा निरोप वाचून बिचाऱ्यांनी ट्रंकेतून काढला होता, आणि का आवडतो याची तयारीही केली होती.

पहिल्या पानापासून शेवटापर्यंत, एकही न गाळता, आम्ही तो पाहिला. सातव्या पानावर बँड होता, आणि बँडपुढे फक्त सदरा घातलेली, वय वर्षं चार, अशी दोन मुलं नाचत होती. एक मी, दुसरा डॉक्टर. पिंक फ्लॉइडचा विषय तिथेच संपला. पण लगेच नवा निघाला. बँड वाजवतोय काय?

"डॉन," बापू म्हणाला. "सिनेमा 78 चा, लग्न 79 चं. हिशोब सरळ आहे."

"जैत रे जैत," नाना म्हणाले. "77 चा. हृदयनाथांची चाल, आणि शब्द महानोरांचे. पळसखेडचा माणूस, आपला शेजारी. खान्देशातला बँड आणखी काय वाजवणार?"

डॉक्टर मोबाइलच्या उजेडात ट्रम्पेटवाल्याची बोटं मोजायला लागला. भाचा म्हणाला, नाचणाऱ्यांच्या पायांवरून ठेका ओळखता येईल. पण माझे पाय एका ठेक्यात होते आणि डॉक्टरचे दुसऱ्या. भरीत वाढलं गेलं तरी कुणी ताटावर बसेना. शेवटी आप्पांनी घरी काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय वाजी राहिंतं व, आपला लगनले?"

काकू कामात असाव्यात. "आपला बँड आयनाच नही," त्या म्हणाल्या. "तो समोरना लगनना व्हता. फोटोपुरता उभा करा." आणि फोन ठेवला.