आधी लगावली, मग गहिवर

अंदलुसमधल्या, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधल्या अरबी-हिब्रू कवितेचा विषय निघाला की 'सुवर्णयुग', 'सलोखा' असे शब्द लगेच बाहेर येतात. देवाणघेवाण खरीच होती. पण ती भावनेत शोधण्याआधी वृत्तात शोधावी, असं माझं ठाम मत आहे. तिथे ती बोटांवर मोजता येते.

मराठी गझलकारांना वियद्गंगा हे वृत्त माहीत आहे: लगागागा चार वेळा. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू, आणि ही मांडणी म्हणजे लगावली. आता हे मोजा. अ-दोन् ओ-लाम् । अ-शेर् मा-लाख् । बे-ते-रेम् कोल् । ये-त्सीर् निव्-रा. तंतोतंत वियद्गंगा! हे 'अदोन ओलाम', जगभरच्या ज्यू प्रार्थनेतलं गीत. आपल्या बेने इस्रायली मंडळींच्या सिनेगॉगातही ते म्हटलं जातं. अरबीत या वृत्ताला हजज म्हणतात. आपल्याकडे ते फारसी-उर्दूच्या वाटेने आलं. हिब्रूत अरबी वृत्तं आणली दहाव्या शतकात दूनाश बेन लब्रात या कवीने. हा बगदादला सादिया गाओन या ज्यू पंडिताकडे शिकला आणि पुढे अंदलुसमध्ये कोर्दोबाला आला.

अडचण अशी की अरबी वृत्त ऱ्हस्व-दीर्घ स्वरांवर चालतं आणि हिब्रूत ती व्यवस्था तशी नाही. दूनाशची युक्ती साधी होती. 'शेवा' नावाचा उच्चारला जाणारा अर्धस्वर, त्याचे भाऊबंद 'हतेफ' आणि शब्दाआधी जोडला जाणारा 'ऊ' हे लघु. बाकी सगळे गुरू. म्हणून वरच्या 'बेतेरेम्'मधला 'ते' कानाला आखूड वाटला तरी गुरूच. देवनागरीत लिहून आपल्या सवयीने मोजलंत तर हमखास गडबड होते, कारण शेवटचं व्यंजन पायमोडकं असतं, त्याचा वेगळा लघु धरायचा नाही. दुसरी गडबड आजच्या उच्चाराची. दूनाशचंच 'देरोर यिक्रा' हल्ली 'द्रोर यिक्रा' असं गातात. पहिला लघु गळतो आणि चालीला तो खड्डा भरून काढावा लागतो. त्या गीताच्या पहिल्या चार चरणांची आद्याक्षरं जोडली की दूनाशचं नाव मिळतं.

या पद्धतीत दोन लघु लागोपाठ येऊच शकत नाहीत. म्हणून अरबी कामिल वृत्तातल्या ललगालगा या गणाचं हिब्रूत गागालगा झालं. परक्या वृत्तासाठी भाषा वाकवता, हा हिब्रू कोशकार मेनाहेम बेन सरूकच्या शिष्यांचा दूनाशवरचा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. गंमत म्हणजे या वृत्तांवर हुकमत असलेल्या यहूदा हलेवी या कवीनेही (मृत्यू 1141) 'कुझारी' या ज्यू धर्मावरच्या ग्रंथात हीच तक्रार केली आहे, आणि तो ग्रंथ लिहिला अरबीत!

खरी मजा मुवश्शह या कडव्यांच्या अंदलुसी काव्यप्रकारात आहे. इजिप्तचा इब्न सना अल-मुल्क (मृत्यू 1211) याने त्याचे नियम लिहून ठेवले. साधारण पाच कडवी. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या भागाचं, गुस्नचं, यमक बदलतं. दुसऱ्या भागाचं, कुफ्लचं, यमक सगळीकडे तेच. सुरुवातीलाही कुफ्ल असेल तर रचना पूर्ण, नसेल तर ती 'अक्रा', म्हणजे टकली. शेवटचा कुफ्ल म्हणजे खर्जा: बोलीभाषेत, झणझणीत, पुष्कळदा बाईच्या तोंडी. तो आधी ठरवायचा आणि बाकी सगळं त्यावर बेतायचं. हिब्रू कवी लोकप्रिय अरबी मुवश्शहचं वृत्त, यमकांची रचना आणि कधी आख्खा खर्जा उचलत. वरची कडवी शुद्ध बायबलच्या हिब्रूत, आणि शेवटी एकदम बोली अरबी किंवा तिथली रोमान्स (लॅटिनमधून आलेली) बोली, तीही हिब्रू लिपीत.

1948 साली सॅम्युएल स्टर्न या अभ्यासकाने हिब्रू मुवश्शहांमधल्या अशा वीस रोमान्स खर्जा प्रसिद्ध केल्या आणि स्पॅनिश साहित्याच्या अभ्यासकांत खळबळ उडाली. पण त्यांचे अर्थ छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. लिपीत स्वर नाहीत, दालेत आणि रेश ही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, आणि ती रोमान्स बोली न कळणाऱ्या लेखनिकांच्याही हातून नकला झालेल्या आहेत. एकाच ओळीची दोन-तीन वाचनं सहज निघतात.

चालींचं तर आणखी कठीण. हस्तलिखितात कवितेच्या डोक्यावर बहुधा एखाद्या अरबी गाण्याचे पहिले शब्द असतात: 'अमक्याच्या चालीवर'. ती चाल तेव्हा सगळ्यांना पाठ होती, स्वरलिपीत कुणी उतरवली नाही. म्हणून यूट्यूबवर 'मूळ अंदलुसी चाल' म्हणून जे फिरतं ते मोरोक्को-अल्जीरियाच्या जिवंत नूबा (अंदलुसी शास्त्रीय संगीत) परंपरेतलं असतं, नाहीतर आजच्या संगीतकाराने बांधलेलं. जरूर ऐका, फक्त बाराव्या शतकाचा शिक्का मारू नका.