वणव्याच्या व्हिडिओबद्दल खुलासा

आपल्या गावानं मोहफुलांसाठी जंगल पेटवलं, उपग्रहानं ते पकडलं, असा मेसेज व्हिडिओसकट तालुकाभर फिरतोय. व्हिडिओ नीट पाहा. त्यातली झाडं चीडाची, म्हणजे पाइनची, आहेत. आपल्या विदर्भात साग, मोह, तेंदू, बांबू; चीड हिमालयातला.

उपग्रहाला जमिनीवरची ऊब कळते, काडी कोणी लावली ते कळत नाही. उपग्रहाच्या नकाशावरचा आगीचा एकेक ठिपका साधारण ३७५ मीटर चौकटीचा असतो आणि एकच वणवा पसरला की ठिपके वाढतात. ठिपके मोजून 'इतके वणवे' म्हणणं चूक.

फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाखालचा पाला जाळतात, हे मी नाकारत नाही. माझी आजीही जाळायची, पण आधी भोवती झाडून गोल पट्टा काढायची आणि विझेपर्यंत तिथून हलायची नाही. हल्ली तेवढा धीर कोणाला? राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हाच आहे. ज्यानं लावली त्याच्यावर कारवाई करा, अख्ख्या गावाला बोल कशाला?

आमच्या बाजूला वणवा लागला त्या रात्री आमची पोरं पळसाच्या हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. एकाची चप्पल वितळून तळव्याला चिकटली. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. आमच्या बाजूच्या जाळरेषेवर, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून वनविभागानं मोकळा ठेवायच्या पट्ट्यावर, मार्चमध्येही गुडघाभर गवत होतं. ती साफ का झाली नाही, एवढंच आम्ही ग्रामसभेतून वनविभागाला लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही, मेसेज मात्र आला.